तेरा वेळा ना

कॉम्प्युटरची चूक झाली, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. कॉम्प्युटर चुकला नव्हता. पलीकडच्या सर्व्हरने मला सरळ सांगितलं होतं, आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने परत ये. ते मी ऐकलं नाही, कारण न ऐकण्याची सोय मीच आधीपासून करून ठेवली होती. तीन ओळींची सोय. त्या तीन ओळींमुळे आमच्या ऑफिसात चहा देणाऱ्या बाईची कायमची नोकरी हातातोंडाशी आलेली गेली. आणि मला कळलं तेव्हा मी गप्प बसलो. हे एवढं कागदावर लिहायला मला दोन वर्षं लागली.

मी पेडण्याचा. डिचोलीला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो. कुठलं ऑफिस ते सांगत नाही. माझ्या नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची असते आणि बाराव्या महिन्याला ती परत निघेल की नाही हे साहेबांच्या मर्जीवर असतं, यावरून काय ते समजा. सकाळी पेडण्याहून म्हापसा, म्हापशाच्या स्टँडवर उतरून डिचोलीची बस. शुक्रवारी बाजाराच्या टोपल्या, भाजीचे भारे, सुक्या मासळीचे डबे यांच्यातून पाय ठेवायला जागा शोधायची. ऑफिसात पोचेपर्यंत मी अर्धा संपलेला असायचो. मेजावर बॅग ठेवली की पाचव्या मिनिटाला चहाचा कोप समोर यायचा. साखर कमी, आलं जास्त. मी एकदाच सांगितलं होतं, बहुतेक पहिल्या आठवड्यात.

चहा आणणाऱ्या त्या बाईला सगळं ऑफिस ‘बाय’ म्हणायचं. ती माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी. तिचा बाप सिंधुदुर्गातून आलेला, खाणीवर ट्रक चालवायचा. ती जन्मली इथे, शिकली इथे, लग्न करून राहिली ती डिचोलीतच. नवराही ट्रकवरच होता, खाणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करायचा. एकच मुलगी होती, तिला ती चेडू म्हणायची. ती बारा वर्षं आमच्या ऑफिसात होती, पण ऑफिसची नव्हती. कंत्राटदाराची माणूस. झाडणं, पुसणं, चहा, फायली वरच्या मजल्यावर नेणं, साहेबांच्या खोलीचं जनेल पाऊस आला की बंद करणं, सगळं ती करायची आणि हजेरीच्या वहीत तिचं नाव वेगळ्या पानावर असायचं. माझंही त्याच पानावर होतं, हे आता आठवलं की हसू येतं. चांगलं हसू नव्हे.

माझ्याशी ती मालवणीत बोलायची. पेडण्याची बोली आणि तिची बोली यात असून असून फरक किती, आणि माझी आई तर तेरेखोल नदीच्या पलीकडची. माझं आजोळ महाराष्ट्रात आहे. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्यात त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

तर ऑफिसात शिपायांच्या कायम जागा निघाल्या. अशा जागा आमच्याकडे निघाल्या तर निघाल्या, नाहीतर पाच-सहा वर्षं नाव नाही. बायने अर्ज केला. काम ती करतच होती, शिक्षणाची अट सातवीची होती, तीही बसत होती. अडचण वयाची. या खेपेला ती काठावर आत होती आणि पुढच्या जाहिरातीला बाहेर जाणार होती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या ऑफिसला माहीत होतं. अर्ज भरायला मीच तिला मदत केली. तिने सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या कोऱ्या कागदावर ती उमटली.

दुसरी अट गोव्यात पंधरा वर्षं राहिल्याची. याला एरवी दाखला लागतो, आणि दाखला काढायचा म्हणजे चार ठिकाणी चपला झिजवायच्या. आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं की लोकांना कशाला पळवायचं. आता जुन्या शाळांची रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवलेली होती आणि दुसऱ्या एका खात्याने ती बघायची सोय केली होती. नाव, जन्मतारीख, शाळेचं गाव पाठवायचं, नोंद असली तर परत येते. इथल्या शाळेत नोंद सापडली की राहण्याची अट पुरी झाली असं धरायचं. ‘तू एक छोटा प्रोग्राम लिही,’ साहेब म्हणाले, ‘सगळ्या अर्जदारांची नावं एकदम विचार. मला फक्त होय की ना एवढंच दे. वाचत बसायला मला वेळ नाही.’ विचार वाईट नव्हता. साहेबही वाईट माणूस नव्हते, हे लिहिताना मला त्रास होतो, पण नव्हते.

मी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे निरोप घेऊन जाणारा माणूस समजा. यादीतलं एकेक नाव घ्यायचं, पलीकडच्या सर्व्हरकडे जाऊन विचारायचं, उत्तर आणून वहीत लिहायचं, पुढचं नाव घ्यायचं. आता अशा माणसाला तीन गोष्टी घडू शकतात. पलीकडचा म्हणेल, आहे. पलीकडचा म्हणेल, नाही. किंवा दारच उघडणार नाही, किंवा दार उघडून कोणी म्हणेल की आत्ता गर्दी आहे, मागाहून ये. ही तिसरी गोष्ट जो विसरला तो या धंद्यात शिकाऊसुद्धा नाही. मी विसरलो नव्हतो. माझं दुखणं तेच आहे. विसरलो असतो तर स्क्रिप्ट तिथेच बंद पडली असती, लाल अक्षरं आली असती, मी शिव्या घालत बघितलं असतं आणि सगळं वाचलं असतं. पण मी हुशार. पंधरा वर्षं हेच करतोय. एरर आली तर ती पकडायची आणि काम न थांबवता पुढे जायचं, असं मी लिहून ठेवलं. पकडल्यावर तिचं काय करायचं? साहेबांच्या यादीत रकाना एकच, शब्द दोनच, होय किंवा ना. मी लिहिलं, ना.

आमच्याकडे हा शब्द फार राबवतात. पाव विकणाऱ्या पदेराला विचारा, उंडे आहेत? ना. शेजारी हाक मारा, बाबा आहेत का घरात? ना. स्टँडवर कंडक्टरला विचारा, चोपड्याची गेली काय रे? ना. पदेराचा ना म्हणजे संपले. शेजारचा ना म्हणजे आहेत, पण जेवून आडवे झालेत, नंतर या. कंडक्टरचा ना म्हणजे मला ठाऊक नाही आणि डोकं खाऊ नका. तिन्ही वेळा शब्द एकच, आणि तरी कोणाचा घोटाळा होत नाही, कारण बोलणाऱ्याचं तोंड समोर असतं. मी याच शब्दावर वाढलो. नाही सापडलं, उत्तर आलं नाही, माहीत नाही, या सगळ्याला ना लिहिताना माझा हात अडखळला नाही. मराठीत विचार केला असता तरी निदान ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ असे दोन शब्द पुढे आले असते. पुणे-मुंबईच्या कोणी ही स्क्रिप्ट लिहिली असती तर कदाचित हा घोळ झाला नसता. तिथले लोक दुसरे घोळ करतात.

चालवायच्या आधी मी माझं स्वतःचं नाव घालून बघितलं. होय आलं. माझ्या धाकट्या भावाचं घातलं, होय. माझ्या आईचं घातलं. ना. ती शिकली पलीकडे, तेव्हा बरोबरच होतं ते. सर्व्हर बंद असताना काय येतं हे मात्र मी बघितलं नाही. नेटची वायर काढून एकदा चालवायचं, एवढंच करायचं होतं. एका मिनिटाचं काम. कोणा नव्या पोराला हे काम शिकवायला बसलो की मी पहिलं हेच सांगतो.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी सगळी यादी लावली. स्क्रीनवर एकेक ओळ वर सरकत होती. होय, होय, ना, होय. बरं वाटत होतं. बाय चहा घेऊन आली आणि कोप ठेवून जरा थांबली. एरवी ती थांबत नसे.

‘माजा इला काय?’ तिने विचारलं.

‘येतलं. अजून खूप आहेत,’ मी म्हटलं.

ती गेली. मी चहा प्यायला लागलो, आणि स्क्रीनवर एकदम ना यायला लागले. ना, ना, ना. एकाखाली एक तेरा वेळा ना. मग परत होय, होय.

ते मी बघितलं. माझं लक्ष नव्हतं असं म्हणता आलं असतं तर आज मी सुखाने झोपलो असतो. मी कोप खाली ठेवला आणि स्क्रीनकडे बघितलं. तेरा जण ओळीने कसे काय? असा प्रश्न मला पडला, आणि दोन सेकंदांत त्याचं उत्तरही मी दिलं. यादी अर्ज आले त्या क्रमाने होती. हे तेरा अर्ज एकाच दिवशी आले असणार. एकाच दिवशी म्हणजे एका गाडीतून. म्हणजे बाहेरचे. आले असतील कुठून तरी घोळक्याने, खोटे पत्ते घालून. असं मी मनात म्हटलं. असंच आम्ही म्हणतो. बसमध्ये म्हणतो, बाजारात म्हणतो, मासळी महाग झाली की म्हणतो, नोकऱ्यांची यादी लागली की तर म्हणतोच. भायले. माझ्या आईच्या माहेरच्या माणसांनाही इथे कोणी ना कोणी हेच म्हणत असणार, पण ते त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. मी उरलेला चहा संपवला. त्या तेरांत सहावं नाव बायचं होतं. नावं मी वाचली नाहीत, फक्त शेवटचा रकाना बघितला.

मंगळवारी यादी फळ्यावर लागली. पात्र एका बाजूला, अपात्र दुसऱ्या बाजूला, अपात्रांपुढे कारण छापलेलं. बायच्या नावापुढे ‘पंधरा वर्षं वास्तव्य: ना’. ती फळ्यासमोर उभी होती, हातात ट्रे. मी माझ्या कदेलावरून, खुर्चीत बसल्या बसल्या बघत होतो. ती फार वेळ उभी राहिली नाही. ट्रे घेऊन सगळ्या मेजांवर फिरली, सगळ्यांना चहा दिला.

आणि मग आमच्या ऑफिसने आपले गुण दाखवले. ‘अगो बाय, तू भायली? आमका खबरच ना,’ एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘बारा वर्षं फसवलंस आम्हाला.’ हसले सगळे. थट्टाच होती, कोणाच्या मनात वाकडं नव्हतं. पण त्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही की उठून साहेबांना सांगावं, ही बाई बारा वर्षं तर आमच्याच डोळ्यांसमोर आहे, त्याआधीची म्हणाल तर हिच्या बापाला अर्धी डिचोली ओळखायची, मग हा ना आला कुठून? बारा वर्षं जिच्या हातचा चहा प्यायले त्यांनी कागदावरचा एक शब्द खरा मानला. मीही मानला. मला वाटलं, असेल काहीतरी, शाळा पलीकडे केली असेल आजीकडे राहून. तिला विचारलं नाही.

हरकत घ्यायला शुक्रवार संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. लेखी, पुराव्यासह. तिला शाळेच्या रजिस्टरचा उतारा हवा होता. ती शाळा खाणीच्या अंगाची, सत्तरीच्या हद्दीला लागून, मुलं नाहीत म्हणून कधीच बंद झालेली. दप्तर वाळपईच्या एका शाळेत ठेवलं होतं. बुधवारी ती वाळपईला गेली. कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे, हेडमास्तर मिटिंगला. गुरुवारी परत गेली.

गुरुवारी सकाळी माझ्या मेजावर चहा आला नाही. बुधवारीही आला नव्हता, पण बुधवारी मी खाली गाड्यावर जाऊन प्यायलो. गुरुवारी पाऊस होता. चहा मिळाला नाही म्हणून मला तिची आठवण झाली, यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही. बसल्या बसल्या मी तिचं एकटीचं नाव स्क्रिप्टला दिलं.

होय.

परत दिलं. होय. शाळेचं नाव, बापाचं नाव, पहिलीत घातल्याचं वर्ष, सातवी पास, सगळं आलं. मी ते तीन ओळींचं झाकण काढून टाकलं, एरर जशी येईल तशी दाखव असं केलं, आणि अकरा वाजायची वाट बघितली, कारण सोमवारी मी अकरालाच चालवलं होतं. अकराला सगळ्या गोव्यातली ऑफिसं त्या एका सर्व्हरवर जाऊन पडतात. तेरा नावं दिली. चौथ्या नावाला उत्तर आलं, पाचशे तीन. आमच्या भाषेत पाचशे तीन म्हणजे सध्या सेवा देता येत नाही. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, किती सेकंदांनी परत विचारायचं त्याची. एकशे वीस.

दोन मिनिटं. पलीकडचं यंत्र माणसासारखं बोललं होतं. गर्दी आहे, दोन मिनिटांनी या. आणि मी ते नीट घडी करून टाकून दिलं होतं आणि त्या जागी ना लिहिलं होतं. आता मी थांबून परत विचारलं, आणि तेरांपैकी अकरा जण इथलेच निघाले.

साहेबांच्या खोलीत मी दुपारी गेलो. सकाळी का गेलो नाही? सकाळी मी स्क्रिप्ट दुरुस्त करत बसलो. दहा मिनिटांचं काम मी दीड तास केलं. होय, ना आणि उत्तर नाही असे तीन शब्द केले. उत्तर नसेल तर थांबून तीनदा परत विचारायचं, तरीही नसेल तर ते नाव वेगळ्या कागदावर काढायचं, माणसाने बघण्यासाठी. सगळं अगदी पुस्तकात लिहितात तसं.

साहेबांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. ‘किती जणांचं बदलेल?’ त्यांनी विचारलं.

‘अकरा.’

‘यादी सही होऊन वर गेली आहे. आता आपणच म्हणायचं की अकरा नावं चुकली, तर सगळीच यादी रद्द होईल. मग पात्र झालेले कोर्टात जातील. आणि का चुकली म्हणून लिहून द्यायला लागेल. कोण देणार? तूच ना?’

‘मी देतो,’ असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, ‘हं.’

‘तुझी ऑर्डर कधी संपते रे?’ त्यांनी विचारलं. धमकी म्हणून नव्हे. खरोखर कॅलेंडरकडे बघत विचारलं. पुढच्याच महिन्यात संपत होती. ‘हरकतीची मुदत कशाला दिली आहे?’ ते म्हणाले, ‘ज्याचा कागद येईल त्याचं नाव चढवू. कोणाचं नुकसान होणार नाही. बाय गेलीच आहे ना वाळपईला?’

मला सुटल्यासारखं वाटलं. तेच खरं वाटायला लागलं. ती कागद आणणार, नाव चढणार, कोणाला काही कळायची गरज नाही. संध्याकाळी म्हापशाच्या बसमध्ये बसायला जागासुद्धा मिळाली.

शुक्रवारी सकाळपासून ती नव्हती. गुरुवारी उतारा लिहून तयार झाला होता, पण हेडमास्तरांची सही आणि शिक्का राहिला होता, हे मला नंतर कळलं. दुपारी तीनला मी एक पत्र टाइप केलं. माझ्या प्रोग्राममधील त्रुटीमुळे पुढील अकरा अर्जदारांच्या नोंदी चुकीच्या आल्या आहेत, तरी त्या दुरुस्त करण्यात याव्यात. खाली अकरा नावं. वाचून बघितलं. शुद्धलेखन बघितलं. ‘त्रुटी’ला ऱ्हस्व की दीर्घ, तेही बघितलं. प्रिंट काढली नाही. म्हटलं, चारपर्यंत बघू, ती येईलच. चारला म्हटलं, साडेचार. आवक खिडकीवरच्या कारकुनाकडे जाऊन नुसतं एवढं सांगितलं असतं, की बाय येतेय, पाच मिनिटं खिडकी उघडी ठेव, तर त्याने ठेवली असती. तोही तिच्याच हातचा चहा प्यायचा. तेवढंही मी केलं नाही, कारण त्याने विचारलं असतं, तुला काय रे पडलंय एवढं?

पाच वाजले. खिडकी बंद झाली. ती पाच वाजून वीस मिनिटांनी जिना चढून आली. वाळपईची बस वाटेत बिघडली होती. हातात पदराने पुसलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. आवक कारकून कुलूप घालत होता. म्हणाला, ‘सोमवारी दे गो. शिक्का आत गेला.’ ती माझ्याकडे वळून बघायला लागली. मला वाटतं, मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं. मी बॅग खांद्याला लावली. माझी बस होती.

सोमवारी तिने कागद दिला. त्यावर शिक्का पडला, ‘मुदतीनंतर प्राप्त’. त्या अकरांतल्या दोघांचे कागद शुक्रवारी वेळेत आले होते. त्यांची नावं गुपचूप चढली. बाकीच्या आठ जणांची तोंडंही मी बघितलेली नाहीत. ते आलेच नाहीत. ऑफिसने ना म्हटलं, त्यांनी मान्य केलं. आपल्याला ना म्हणतात याची काही माणसांना सवयच असते.

पुढच्या महिन्यात नवे शिपाई हजर झाले. कायम. त्यातला एक पहिल्या दिवशी कुठे बसायचं विचारत होता, त्याला बायने कदेल आणून दिलं आणि चहाही दिला. माझी अकरा महिन्यांची ऑर्डर निघाली. मी घेतली. आईने देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर आठेक दिवसांनी एका दुपारी ऑफिस रिकामं होतं. साहेब पणजीला गेले होते, बाकीचे जेवायला. ती माझ्या मेजाशी आली. तोच उतारा तिने आता प्लास्टिकमध्ये पक्का करून आणला होता, झेरॉक्सवाल्याकडून.

‘भाऊ,’ ती म्हणाली, ‘एकदा माजा नाव घालून बगशात काय? परत?’

मी नाव घातलं. ती माझ्या मागे उभी राहून स्क्रीनकडे बघत होती. होय आलं. बापाचं नाव आलं, शाळेचं आलं. तिने बोटाने बापाचं नाव दाखवलं, स्क्रीनला न लावता.

‘मी कागद दिलंय म्हणान तेका समाजला मां?’ तिने विचारलं.

तिला वाटत होतं, तिने वाळपईला तीन खेपा घातल्या, कागद आणून दिला, तो कोणीतरी मशीनला दाखवला आणि मशीनला आता ती कळली. नोकरी गेली ती गेलीच, पण निदान एवढं तरी तिच्या हाताने झालं, असं तिला वाटत होतं. ती आधीपासूनच तिथे होती, पहिल्या दिवसापासून होती, मी विचारलं त्या मिनिटालाही होती, हे सांगायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं. माझी ऑर्डरही खिशात होती. भ्यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

‘होय,’ मी म्हटलं.

तिने मान हलवली. ‘माजा ऱ्हवांदे,’ ती म्हणाली, ‘चेडवाक तरी आता कोण नाय म्हणुचो नाय.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘तुमी होत्यात म्हणान झाला ह्या.’ आणि माझा रिकामा कोप उचलून धुवायला घेऊन गेली.